सिग्रिडच्या बुटांवरची माती

सिग्रिड मैदानात आली की ते आधी कानाला कळतं. गवतावर डाव्या पावलाचा आवाज निराळा, उजव्याचा निराळा. दुखावलेल्या उजव्या गुडघ्याने तिच्या चालीत अर्धी मात्रा कायमची रिकामी ठेवली आहे. परदेशातल्या आमच्या ट्रुगानिना उपनगराच्या माळावरून सुटलेला पश्चिमेचा वारा, त्यात निवत आलेलं ऊन आणि त्या उन्हातून गळ्यात शिट्टी घालून येणारी ती उंच, पिंगट केसांची बाई. आमच्या तेरा वर्षांच्या ईराला आणि तिच्या संघातल्या मुलींना ती फुटबॉल शिकवते. एकेकाळी ती स्वीडनच्या राष्ट्रीय संघाची आघाडीपटू होती. माझा या खेळाशी संबंध म्हणाल तर कडेची घडीची खुर्ची आणि थर्मासमधला चहा, एवढाच.

तिचे जुने सामने मी ईराच्या फोनवर पाहिले आहेत. गोलच्या तोंडाशी, जिथे सगळ्यांना घाई सुटते, तिथे ती थांबायची. समेवर येण्याआधी गायिका श्वास घेते ना, तेवढंच. त्या निमिषभराच्या शांततेत गोलरक्षक भलतीकडे झुकायची, आणि दाराच्या फटीतून उत्तरेकडचा न मावळणारा उजेड आत यावा तसा चेंडू तिच्या शेजारून जाळीत जायचा. गोल झाल्यावर इतर नाचायच्या. ही मोजे वर ओढायची. आजही ती मुलींना ओरडून काही सांगत नाही. उघडा तळवा किंचित उचलते आणि म्हणते, "वेट." वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात, तेव्हा आम्ही पालक छत्र्या उघडून सैरावैरा धावतो, ती जागची हलत नाही, विचार पक्षीच बदलतात.

गेल्या खंडेनवमीला मला उमाळा आला. घरातल्या कामाच्या वस्तूंची आपण त्या दिवशी पूजा करतो. माझा लॅपटॉप, माझ्या बायकोचं, मेधाचं, शिलाई मशीन, ईराचे बूट पाटावर मांडायचे ठरले होते. मी सिग्रिडलाही म्हटलं, तुझेही बूट दे, तू ये, जेव. तिने आदल्या दिवशी कापडी पिशवीत बांधलेला जोड ईराकडे पाठवला.

"चामड्याचे बूट पाटावर?" मेधा म्हणाली.

"गाडीला हार घालतेस, तिची सीट कशाची आहे?"

"बरं बाबा. पण निदान पूस तरी."

पुसून भागेना. तळच्या खिळ्यांच्या मुळाशी वाळून दगड झालेला चिखल होता. मी परसात बादली घेतली, जुना टूथब्रश घेतला आणि आयुष्यात कधी स्वतःचे बूट घासले नाहीत इतक्या भक्तिभावाने ते घासले. गढूळ पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं. बूट लखलखले. मीही.

ईरा क्लासहून आली आणि दारातच थबकली. "बाबा, यू वॉश्ड देम?"

मग तिने जे सांगितलं ते सगळ्या मुलींना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. स्वीडनच्या पिवळ्या जर्सीतला सिग्रिडचा शेवटचा सामना याच देशात, भर पावसात झाला होता. गुडघा गेला तो त्याच चिखलात. पुढे ती इथलीच झाली, पण ते बूट तिने परत घातले नाहीत, धुतलेही नाहीत. एवढ्या वर्षांच्या खेळातली ती चिमूटभर माती तिने जपली होती, आणि ती मी टूथब्रशने घालवली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पाटावर हळदीकुंकू लागलेले, झेंडूत बसलेले ते स्वच्छ बूट तिने पाहिले. मी जन्मात इतकं लांबलचक 'सॉरी' म्हटलं नव्हतं. त्यात खंडेनवमी, टूथब्रश, माझी आई, सगळं आलं. तिने तळवा किंचित उचलला. मी थांबलो.

"पाणी कुठे टाकलंस?" एवढंच तिने विचारलं.

मी लिंबाचं झाड दाखवलं. ती परसात गेली. जो गुडघा ती कधी वाकवत नाही तो तिने हळूहळू, कुंपणाला धरून वाकवला आणि ओल्या आळ्यावर हात टेकून बसली. कितीतरी वेळ. मेधाने पुरणाचा गॅस बंद केला.

"याला लिंबं कधी येतात?" शेवटी तिने विचारलं.

"विंटरमध्ये," ईरा म्हणाली.

"म्हणजे फुटबॉलच्या सीझनमध्ये. मग मी घ्यायला येईन." आणि उठताना माझ्याकडे बघून, "तू मात्र हात लावू नकोस, मेट."

यंदा हिवाळ्यात ती आली, आणि मग बहुतेक रविवारी येत राहिली. पहिल्याच दिवशी एक लिंबू तोडताना हातातून निसटलं, आणि ते जमिनीला लागण्याआधी तिचा डावा पाय आपसूक पुढे झाला. त्या पावलावर ते फळ क्षणभर, अगदी क्षणभर, थांबलं. तिने मोजे वर ओढले. गेलेला काळ कुठे जातो ते मला ठाऊक नाही. आमच्या परसात तरी तो मुळाशी ओल धरून बसला आहे, आणि ती येत नाही त्या रविवारी ते झाड वाट पाहणाऱ्या माणसासारखं फाटकाकडे जरा जास्तच झुकलेलं दिसतं.