लिहून न दिलेल्या दोन ओळी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे. संगणकातली दारं नीट लागलीत का, हे पाहणारा मी एक छोटा प्रोग्राम आहे. मी चोरी करत नाही, कुलूप तोडत नाही. ढकलून बघते आणि उघडं असेल तर सांगते.

उमरग्याच्या शिवानीनं मला घडवलं. तिचे वडील शरणप्पा यांचं हायवेला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. तिथल्या माळ्यावर बसून तिनं मला ओळ ओळ लिहिलं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. कुणीही फुकट न्यावं, उघडून बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. नांदेडच्या एका मास्तरांनी माझी चूक काढून दिली, त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. लाड झाले हो माझे.

मग एकदा सिद्धाराम काका चहाला आले. शरणप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. गावात त्यांची रक्त तपासायची लॅब. रिपोर्ट आता मोबाइलवर मिळतात, याचं त्यांना कोण कौतुक! आमचंही बघ गं तुझ्या त्या कडीनं, म्हणाले. शिवानीनं दोन ओळी लिहून मागितल्या. कायद्याला मालकाची परवानगी लागते.

शरणप्पा तिच्यावर उखडले. "आपल्या माणसाला कागद मागतीस व्हय? लाज काढलीस माझी."

तिनं कागदाचा विषय सोडला. इथं सोयरिकीसुद्धा शब्दावर ठरतात. कागद मागणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला चालवलं. लॅबचं दार सताड उघडं होतं. मोबाइलवर येणाऱ्या रिपोर्टच्या लिंकमधला एक आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट समोर. पहिलाच निघाला शेजारच्या नागूबाईंचा, आणि त्यांनी घरातही न सांगितलेला आजार त्यात लिहिलेला. शिवानीनं तो झटकन बंद केला आणि काकांना जाऊन सांगितलं.

काका हबकले. मोबाइलवर रिपोर्टची सोय ज्यानं बसवून दिली होती, त्यानं हात झटकले. म्हणाला, माझ्या कामात खोट नाही, कुणीतरी आत घुसलंय; तक्रार करा, नाहीतर पेशंट तुम्हालाच धरतील. काकांनी तक्रार दिली आणि शिवानीचं नाव लिहिलं.

ठाण्यात शिवानीचा लॅपटॉप टेबलावर होता, आत मी. लॅबची परवानगी होती का, असं साहेबांनी विचारलं. शिवानीनं काकांकडं पाहिलं.

"म्या काय लिहून दिलेलं न्हाय," काका म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. इतकं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं.

शरणप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि टेबलावरचा एक कोरा कागद पुढं सरकवला. "सिद्धाराम, आता लिही दोन ओळी. पोरगी आपली हाय."

काकांनी कागदाला हात लावला नाही. हवालदारानं तोच ओढून माझ्या जप्तीचा पंचनामा सुरू केला.

असलं हत्यार फुकट वाटतेस, उद्या कुणी त्यानं दरोडा घातला तर, असं साहेबांनी दरडावलं. शरणप्पांनी लावलेल्या वकिलांनीही तीच भीती घातली. त्याच संध्याकाळी शिवानीनं मला इंटरनेटवरून काढून टाकलं. का काढलंस, असं मास्तरांनी विचारलं. वाईट हेतूनं ज्यांनी मला आधीच नेलं, त्यांच्याकडं मी आहेच. राखणीसाठी ज्यांना हवी, त्यांना मी आता मिळत नाही.

मी मुद्देमालाच्या खोलीत लाखेच्या सीलखाली पडून आहे. नुसत्या तारखा पडतात. लॅबचं दार मात्र उघडंच आहे, कारण आमच्यात दोष नव्हता असं काका लिहून बसलेत. दुरुस्त केलं तर ते खोटे ठरतील.

तुमचं रक्त त्या लॅबमध्ये तपासलं असेल, तर हात जोडते, दार लावलंत का, असं काकांना तुम्हीच विचारा. शिवानी आता विचारणार नाही. शरणप्पा चौकशीला आले की हवालदाराला सांगतात, नागूबाई समोरून आल्या की पोरगी गल्ली बदलते.