बरणीतलं विरजण

चार पिढ्यांची बिअरची भट्टी, आणि घरात हुकूम कुणाचा? तर चिनीमातीच्या बरणीतल्या विरजणाचा! प्रत्येक खेपेचा थोडा फेस बरणीत राखायचा, तोच पुढच्या वेळी जवाच्या काढ्याला लावायचा. पणजोबांनी नियमच घालून ठेवला होता: विरजण जिवंत आहे तोवर घरातलं कोणीतरी भट्टीवर हवंच. ते मेलं की कुलूप लावा आणि जा कुठं जायचं तिथं.

थोरला भाऊ बोटीवर पळाला आणि बरणीचं लोढणं धाकटीच्या गळ्यात आलं. तिला नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी लागली होती, लांबच्या शहरात. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"बाबा, जाऊ ना मी?"

बाबा पिंप घासत होते. मान वर न करता म्हणाले, "विरजणाला विचार."

विचारते की! तिचं डोकंच फिरलं. गुरुवारी सकाळी बाबा जव आणायला बाहेर पडले, तशी तिनं किटलीभर उकळतं पाणी बरणीत ओतलं, वरचं पाणी निथळून टाकलं आणि झाकण लावलं. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवली बाई त्या दिवशी.

दुपारी बाबांनी काढा उघड्या पिंपात निववला आणि बरणीतलं विरजण लावलं. शुक्रवारी पिंप गप्प, एक बुडबुडा नाही. शनिवारीही गप्प. बाबा येता-जाता पिंपात डोकावत होते. तिला त्यांची दया येत होती, खोटं कशाला बोला. पण पेटी भरून झाली होती.

रविवारी सकाळी ती पिंपापाशी गेली, तर काय! काठोकाठ फेस! वासही तोच, आंबूस, जन्मापासून नाकात बसलेला.

"बाबा, मी मारलं होतं हो ते," तिला रडू फुटलं. "उकळतं पाणी ओतलं होतं!"

"ठाऊक आहे. किटली जागेवर नव्हती." बाबांनी छताच्या काळ्या तुळयांकडे बोट दाखवलं. "बरणी नावाला गं. ते तिथं राहतं. पिंप उघडं दिसलं की आपसूक खाली उतरतं. तीन दिवस लागतात, एवढंच."

"तीनच दिवस, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

बाबांनी बरणी स्वच्छ पुसली आणि तिच्या हातात दिली.

"तुझ्या वयाचा असताना मी दोनदा ओतलं होतं," ते म्हणाले. "चल, फेस काढ."