रडायचं नाही असं ठरलं होतं

मी मुळात रडका माणूस. लोक मला तापट म्हणतात. तापट तर आहेच. शिलाई मशिनी दुरुस्त करतो, एखादा स्क्रू हट्टाला पेटला की स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकतो, आणि सिनेमात कुणाचं कुत्रं मेलं तरी माझ्या डोळ्यांना धार लागते. बायको खदखदून हसायची.

ती नर्स. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली. कुणी हात धरून ओढतंय, कुणी उरावर पडून टाहो फोडतंय, आणि जाणारा घाबरून सगळ्यांची तोंडं बघत गेलाय, असली मरणं तिनं खूप पाहिली. म्हणूनच ती ध्यानाला लागली. दर रविवारी एका हॉलमध्ये मंडळी जमायची, तासभर श्वासाकडे बघत बसायची. बुद्धांचं सांगणं तिला पटलं होतं: जे आलं ते जाणार, घट्ट धरलं की दुःख. आणि शेवटच्या क्षणी मन शांत असलं की पुढची वाट बरी.

तिच्या पोटात गाठ निघाली. फार दिवस नाहीत म्हटल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"माझ्याजवळ रडायचं नाही. कुणीच नाही. मला शांत जायचंय."

"अगं, पण..."

"ऐका तरी. शेवटी मन घसरतं. मी काहीबाही बोलेन, गळ घालेन. ऐकायचं नाही. सगळं बदलतं, एवढीच आठवण करून द्यायची. द्या वचन."

दिलं. झक मारली आणि दिलं.

मग पन्नाशी उलटलेला, कुरकुरत्या गुडघ्यांचा मी रोज सकाळी तिच्याशेजारी मांडी घालून बसू लागलो. हुंदका आला की नुसतं बघायचं, छातीत कुठं दुखतंय, किती दुखतंय, तो विरतो. खरंच विरायचा! दुकानात फेकाफेकी थांबली. गिऱ्हाइकं विचारायची, "काका, तब्येत बरी आहे ना?" ती घरी अंथरुणात पडून माझ्याकडे कौतुकानं बघायची. आमच्या संसारातले सगळ्यात गोडीचे दिवस तेच, काय सांगू.

शेवटचा दिवस मंगळवार. दुपारी तिचा श्वास अडखळायला लागला. पायाशी बसलेली आमची मुलगी मुसमुसली. मी तिला दंडाला धरून उठवलं.

"बाहेर जा. आधी स्वतःला आवर."

"बाबा, बसू द्या ना मला."

"आईनं काय सांगितलंय?"

मुलगी बाहेर गेली. मी दार लावून घेतलं. पलीकडून तिचं दाबलेलं रडणं ऐकू येत होतं.

बायकोनं डोळे उघडले. पार घाबरलेले डोळे.

"अहो, मला भीती वाटतेय."

"श्वासाकडे बघ."

"नको श्वास. मला धरा."

मी तिचा हात हातात घेतला. अलगद, घट्ट नाही.

"कोण रडतंय?"

"कुणी नाही गं."

"रडा की हो माझ्यासाठी थोडं," ती म्हणाली. "काहीच वाटत नाही का तुम्हाला?"

मला वाटलं, हेच ते घसरणं. हीच ती गळ. छातीत कळ उठली, मी त्या कळेकडे नीट बघितलं, ती विरली. आणि मी गाढव मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "सगळं बदलतं. हेही जाईल."

कुणा अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. पंधरा मिनिटांत संपलं.

रविवारची मंडळी आली. "किती शांत चेहरा!" म्हणाली. "आणि यांच्या मनाची समता बघा." अरे, कसली समता! माझ्या जिभेवर आलं होतं, पण बोललो नाही. बुद्धांकडे बोट दाखवायची माझी लायकी नाही. करुणाही त्यांनीच शिकवली होती. मी सोयीचा तेवढाच धडा पाठ केला. आता एकटा असताना रडायला बसतो. हुंदका गळ्यापर्यंत येतो आणि आपोआप विरतो. इतका तयार झालोय मी.

काल मुलगी आली. टेकली आणि म्हणाली, "बाबा, आई शेवटी काय म्हणाली?"

खोटं बोलायचं नाही, हे बुद्धांनी सांगितलेल्या पाच शीलांतलं एक. बायको गेल्यापासून चार महिने मी ते काटेकोर पाळलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "शांत होती."

तिनं मान हलवली. "बरं केलंत मला बाहेर काढलंत. मी आत असते तर सगळं बिघडवलं असतं."

आत्ता सांग, मी स्वतःला म्हटलं. आईला तू हवी होतीस, तुझं रडणं हवं होतं, सांग की लेका. तोंड उघडेना.

"मला नाही जमत हो आवरायला," ती म्हणाली. "मलाही शिकवा ना."

कोपऱ्यातलं आईचं आसन तिनं माझ्यासमोर ओढलं, मांडी घातली, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आता काय करू?"

"श्वासाकडे बघ," मी म्हणालो.