शैलजा पिझ्झाचे आठ तुकडे

पिझ्झ्याच्या तुकड्याचा वेश शिवून घेतला होता एकच, आणि तो अंगात चढवून पप्पा सकाळीच पोस्टापुढच्या चौकात गेले होते. तरी शाळा सुटल्यावर शलाका सायकलवरून तिथे पोचली, तेव्हा चौकात दोन तुकडे उभे होते. दोघंही येणाऱ्याजाणाऱ्यांना हात हलवत होते. दोघांच्याही पोटावर टोमॅटोच्या लाल चकत्या होत्या आणि दोघांचीही मधली चकती एका बाजूने उसवलेली होती.

शलाकाने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि दोघांना आळीपाळीने निरखलं.

वेशाची कल्पना तिचीच. बसस्टँडसमोर मोठ्या कंपनीचं चकचकीत पिझ्झा दुकान उघडल्यापासून त्यांच्या ‘शैलजा पिझ्झा’मध्ये ऐन संध्याकाळी माशा मारायची वेळ आली होती. आईच्या हातच्या ठेचा-पनीर पिझ्झ्याला अख्ख्या फलटणमध्ये तोड नव्हती, पण ते फलटणला कुणीतरी सांगायला नको का? शलाका नववीत होती. गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून तिला वाटायला लागलं होतं, की माईक हातात दिला तर आपण नगरपालिकासुद्धा चालवू. तिने जेवताना जाहीर करून टाकलं, आजपासून दुकानाचं मार्केटिंग माझ्याकडे. मग बँडवाल्यांचे ड्रेस शिवणाऱ्या दशरथ टेलरला गाठलं, जुन्या गादीचा फोम दिला, पिवळं साटीन दिलं आणि पुरुषभर उंचीचा तुकडा शिवून घेतला. आत कोण शिरणार यावर मात्र सगळे छताकडे बघायला लागले. शेवटी पप्पाच म्हणाले, आण इकडे, धंद्याला लाज कसली.

आणि आता चौकात दोन पप्पा होते. किंवा एक पप्पा आणि एक दुसरंच कुणीतरी.

“पप्पा?” ती म्हणाली.

“घरी जा, ऊन लागेल,” दोघंही म्हणाले. आवाज तोच, आणि शेवटी घसा खाकरणंही तेच.

हे बसस्टँडवाल्यांचं काम, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आपली आयडिया चोरायला माणूस पाठवलाय.

संध्याकाळी त्यांच्यातला एक घरी आला. वेशासकट आला, कारण पाठीची चेन अडकली होती. आईने चेनवर साबण घासून पाहिला, मेणबत्ती घासून पाहिली आणि शेवटी म्हणाली, राहू दे, उद्या परत घालायचाच आहे. तो सोफ्यावर तिरका बसला. शलाकाने चहा दिला आणि समोर स्टुलावर बसून राहिली. पप्पा चहा बशीत ओतायचे, त्यावर फुंकर मारायचे आणि मग फुर्रकन ओढायचे. त्या आवाजावरून आईने लग्नापासून त्यांना टोमणे मारलेले. हा कपानेच चहा प्यायला. अजिबात आवाज न करता.

ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, बाहेर बसलेले पप्पा नाहीत. आई उद्याचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

“दुकानात रांग लागली होती आज,” आई म्हणाली. “सिमला मिरची चिरून ठेव.”

रांग खरीच लागली होती. दुसऱ्या दिवशी तिसरा तुकडा आला, मग चौथा, आणि रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. लोक तुकड्यांच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत आणि तसेच दुकानात येत. शलाकाच्या रीलला इतके लाइक आले की वर्गातल्या मुली तिला मॅडम म्हणायला लागल्या. तिलाही ते आवडत होतं, नाही कशाला म्हणा. पण रोज चौकात गेली की तिची नजर आधी तुकड्यांच्या पायांकडे जायची. सगळ्यांच्या पायांत पप्पांच्याच तपकिरी सँडल. डाव्या सँडलचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. सगळ्यांच्याच.

मग तिला एक नामी युक्ती सुचली. ‘खरा तुकडा ओळखा आणि गार्लिक ब्रेड फुकट मिळवा’ अशी स्पर्धा तिने इन्स्टावर टाकली. एवढ्या डोळ्यांपैकी कुणाला तरी खरे पप्पा दिसतील, असा हिशेब. लोकांनी धडाधड उत्तरं दिली. कुणी डावीकडचा म्हणालं, कुणी रसवंतीजवळचा, कुणी एटीएमपुढचा. आणि आईने काय करावं? तिने सगळ्यांना गार्लिक ब्रेड वाटला.

“आई, सगळे कसे बरोबर असतील?”

“चुकलेला एकही नव्हता,” आई म्हणाली आणि ओव्हनचं दार लावलं.

तेव्हापासून शलाका आईवरही लक्ष ठेवायला लागली. घरी रोज एकच तुकडा यायचा, पण रोज तोच यायचा कशावरून? एक डाव्या हाताने जेवला. एकाने टीव्हीवर कुस्ती लागलेली असताना चॅनल बदललं. आई मात्र प्रत्येकाला तशीच गरम पोळी वाढत होती, तसंच ‘अजून एक घ्या’ म्हणत होती. शलाकाने दोनदा उशीखाली कात्री ठेवली आणि तो झोपल्यावर चेनजवळ कापायला गेली. फोमच्या खाली फोमच लागला.

बेबीआत्या, म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, दुकानात काउंटरवर बसायची. तिची जीभ ठेच्याहून तिखट. “स्वतःच्या वरातीत नाचला नव्हता दादा,” ती गिऱ्हाइकांना सांगायची, “आता बघा, सात-सात ठिकाणी नाचतोय.” तिला तरी सख्खा भाऊ ओळखता येईल म्हणून शलाकाने तिला बाजूला घेतलं. आत्या, यातले आपले पप्पा कुठले, एवढंच सांग.

आत्याने सवयीने ऑर्डर लिहायचं पेन उचललं. “तुला कुठला हवाय?”

शलाका मागे सरकली.

शनिवारी सात तुकडे होते आणि ते आता चौकाच्या कोपऱ्यांवर नव्हते. मधल्या सर्कलभोवती, खांद्याला खांदा लावून उभे होते. शलाका जवळ गेली तेव्हा तिला दिसलं की शेजारशेजारच्या दोघांचे खांदे चिकटलेत. मध्ये पिवळसर, चिकट काहीतरी होतं आणि त्याला ओव्हनचा वास येत होता. बोट लावलं तर कोमट लागलं. ते चीज होतं. पोस्टाच्या गच्चीवरून बघणारे लोक खाली ओरडून सांगत होते, वरून एकदम गोल दिसतंय, फक्त एकाची जागा राहिलीय.

“उद्या आठवा येईल,” बेबीआत्या दुकानाच्या पायरीवरून म्हणाली. “एकदा सगळं चिकटलं की कोण वेगळं करतंय?”

म्हणजे पप्पांना बाहेर काढायचं तर उद्याच, आठही समोर असताना, आणि चीज आळायच्या आत. शलाकाला एवढं पक्कं कळलं आणि तिने रीलबिल सगळं बंद केलं.

रविवारी आठवा आला. कुठून आला ते कुणी पाहिलं नाही. तो मोकळ्या जागेत उभा राहिला आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. शलाका हातांखालून वाकून सर्कलच्या आत शिरली. आठही तुकड्यांची तोंडं आत, तिच्याकडे होती. बाहेरचा आवाज एकाएकी कमी झाला, जसं ओव्हनचं काचेचं दार बंद व्हावं. आत चांगलंच उकडत होतं. ते आणखी जवळ सरकले.

तिने गॅदरिंगला लावला होता तसा आवाज लावला आणि विचारलं, “मी विहिरीत पहिली उडी मारली, तेव्हा पप्पा काय म्हणाले होते?”

“घाबरू नकोस, मी आहे,” तुकडे म्हणाले.

सात म्हणाले. रसवंतीच्या बाजूचा गप्प होता.

पप्पा त्या दिवशी काहीच बोलले नव्हते. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. काठावर डोळे घट्ट मिटून उभे होते आणि दातखीळ बसली होती. हे पप्पांना आणि शलाकालाच ठाऊक होतं. पण ज्याला उत्तरच येत नाही, तोही असाच गप्प बसतो. तिने त्याच्याकडे पाहिलं. वेशाच्या तोंडावरच्या जाळीमागे डोळे होते, पण ते मिटलेले होते की नव्हते, हे सांगता येईना.

बाकीचे आणखी एक पाऊल आत आले.

तिने त्याचा हात धरला आणि ओढलं.

तो निघाला. आधी खांद्यांपाशी पचकन आवाज झाला, मग दोन्ही बाजूंनी चीजच्या तारा ताणत तो तिच्यामागे वर्तुळाबाहेर आला. गर्दीने वाट दिली. काहींनी फोन वर धरले. ती चालत राहिली आणि तारा लांबत राहिल्या. पिठाच्या गिरणीपाशी एक रिक्षा त्यांच्याखालून डोकं वाकवून गेली. दुकानापुढे आत्याने तारा हाताने जरा वर उचलल्या आणि खालून रांगेतली दोन माणसं आत घेतली. तारा पातळ झाल्या, चहाच्या गाळणीच्या तारेइतक्या बारीक झाल्या, पण तुटल्या नाहीत. त्याचा हात हातमोज्यातून गरम लागत होता.

घराशी आल्यावर तिने कडी वाजवली. मळलेलं पीठ न्यायला घरी आलेल्या आईने दार उघडलं. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, शलाकाकडेही नाही. तारांमागोमाग नजर नेत तिने चौकाच्या दिशेने बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन पिझ्झा कापायची चकती घेऊन आली.

“बाजूला हो,” आई म्हणाली. “तुकडा असा ओढून काढत नसतात.”

“कापू नको आधी,” शलाका म्हणाली. “हे पप्पाच आहेत का ते सांग.”

“हात सोड मग.”

शलाकाने बोटं उघडली. तिचा तळवा त्याच्या तळव्यापासून दूर झाला आणि मधे पिवळ्या, कोमट तारा ताणल्या गेल्या. तिच्या पाचही बोटांपासून त्याच्या पाचही बोटांपर्यंत.

चौकाकडून एक हिसका आला. तपकिरी सँडल फरशीवरून बोटभर मागे सरकल्या, आणि तिच्या चपलाही. आईने चकती आधी त्याच्या खांद्याशी नेली, मग दोघांच्या हातांच्या मधे आणली, आणि तिथेच हवेत धरून विचारलं,

“कुठून कापू?”