नदीत उतरलेला टब

मी एक जुना टब आहे, आंघोळीचा, पत्र्याचा. मित्रांनो, तुम्हाला हसू आलं ना? हसा खुशाल. एकदा एक अख्खं जहाज मला बघून हसलं होतं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरातल्या एका पत्र्याच्या कारागिरानं मला घडवलं. बाहेरून तपकिरी, आतून पांढराशुभ्र. वर झाकण आणि कातडी पट्टे. म्हणजे प्रवासात मी पेटी आणि मुक्कामाला टब. हेन्री पेंगेली हा पोरगेला मुलगा राणीच्या आरमारात अधिकारी व्हायला निघाला, तेव्हा त्याच्या आईनं मला विकत घेतलं. माझ्या पोटात तिनं सदरे, मोजे आणि एक मोठा केक भरला. केक बरोबरीच्या पोरांनी बंदर सुटायच्या आतच फस्त केला.

हेन्री जिथं गेला तिथं मी गेलो. जहाज डोललं की माझ्यातलं निम्मं पाणी जमिनीवर आणि निम्मा साबण त्याच्या डोळ्यांत जायचा. पुढं तो लेफ्टनंट झाला, लोक त्याला पेंगेली साहेब म्हणू लागले आणि माल्टा बेटावरचा कार्मेनु त्यांच्या दिमतीला आला. हा कार्मेनु साहेबांपेक्षा मलाच जास्त जपायचा. रोज राखेनं घासायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवायचा.

शेवटी साहेबांना स्वतःचं जहाज मिळालं. बोर्निओजवळच्या लाबुआन बेटावरची ‘डॅबचिक’ नावाची चिमुकली तोफनौका. नौका लहान असली तरी कप्तान तो कप्तान! साहेब पहाटेच डेकवर जाऊन उगाचच सगळं डोळे भरून बघून यायचे.

त्या काळी आरमारात रंगाला फार मान होता. तोफा डागल्या की धुरानं रंग काळवंडतो, म्हणून तोफाच न डागणारे कप्तान होते. अशात ॲडमिरल साहेब तपासणीला येणार असं कळलं. पेंगेली साहेबांनी डॅबचिकच्या दोन्ही होड्या पांढऱ्या रंगवून घेतल्या, वर सोनेरी रेघ ओढली आणि वाळायला लाबुआनच्या किनाऱ्यावर छपराखाली ठेवल्या. मग समोर बोर्निओच्या नदीतून जहाजाच्या भट्टीसाठी सरपण आणायला जहाज घेऊन गेले. जहाज थेट धक्क्यालाच लागायचं, तर होड्या हव्यात कशाला?

परत येताना नदीच्या मुखाशी डॅबचिक चिखलात रुतली.

“होडी सोडा,” साहेब म्हणाले. “दोर नेऊन त्या पलीकडच्या झाडाला वेढा घाला. भरती आली की ओढून काढू.”

कोणी जागचं हललं नाही.

“कुठली सोडू, साहेब?” कार्मेनुनं विचारलं. “दोन्ही लाबुआनला वाळतायत.”

साहेबांचा चेहरा पडला. भरती दुपारी होती, आणि पुढच्या भरत्यांना पाणी याहून कमीच चढणार होतं. ही चुकली तर जहाज तिथंच अडकणार, ॲडमिरल येऊन बघणार. जहाज रुतवणाऱ्या कप्तानाला कोण पुन्हा जहाज देतो? पोहून जावं तर काठावर मगरी ऊन खात पडलेल्या.

साहेबांची नजर डेकवर उन्हात ठेवलेल्या माझ्यावर गेली.

“नाही हं साहेब,” कार्मेनु आडवा आला. “ते गढूळ पाणी लागलं तर डाग जायचे नाहीत. घासायचं कोणी?”

“मी घासीन. बाजूला हो.”

मला दोरानं खाली सोडलं. साहेब गुडघे मोडून माझ्यात बसले, जहाजावरून सोडलेली बारीक दोरी कमरेला बांधली आणि कोळशाचं फावडं वल्ह्यासारखं मारू लागले. मित्रांनो, आजवर पाणी माझ्या आत असायचं, त्या दिवशी पहिल्यांदाच ते बाहेर होतं! मला काही सरळ जाता येईना. मी गरगर फिरू लागलो. साहेबांचं तोंड एकदा झाडाकडे, एकदा जहाजाकडे.

“साहेब, साबण विसरलात,” वरून एक खलाशी ओरडला, आणि सगळं जहाज खो खो हसलं. खुद्द साहेबही हसले.

फिरत फिरत का होईना, आम्ही पोचलो. साहेबांनी पाण्यावर झुकलेल्या बुंध्याला दोरीचा वेढा घातला आणि आम्ही टोक घेऊन परत आलो. खलाशांनी त्या दोरीच्या मागे जाड दोरखंड ओढून झाडाभोवतून फिरवून घेतला. भरती चढली. सगळ्यांनी जोर लावला. डॅबचिक एकदा कुरकुरली आणि अलगद मोकळी झाली.

संध्याकाळी साहेबांबरोबर मला घासता घासता कार्मेनु हळूच म्हणाला, “साहेब, जहाजाबाहेर बघितलं कोणी? मगरींनी. त्या काही सांगायला जायच्या नाहीत.”

“अरे, जहाज माझ्याकडे दिलंय ते विश्वासानं,” साहेब म्हणाले. “रुतवलं मी. मग सांगायचंही मीच.”

ॲडमिरल साहेब आले. पेंगेली साहेबांनी ताठ उभं राहून, काही न लपवता सगळं सांगितलं. मी खोलीच्या दाराशी होतो. माझा पत्रा गार पडला होता.

“होड्या का नव्हत्या नेल्या?”

“रंग ओला होता, सर.”

“आता वाळला?”

“वाळला, सर. सुरेख बसलाय.”

ॲडमिरल माझ्याकडे वळले. वाकून त्यांनी नदीत माझ्या बुडाला पडलेला पोचा बोटानं चाचपला. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या, मग खांदे, आणि मग त्यांना हसू आवरेना.

“जहाजाला इजा नाही, आणि तू लपवलं नाहीस,” डोळे पुसत ते म्हणाले. “तेव्हा जहाज तुझ्याकडेच राहील, पेंगेली. पण त्या होड्या आजपासून रोज पाण्यात उतरल्या पाहिजेत. पुढच्या वेळी मला त्यांच्यावर ओरखडे दिसले नाहीत, तर मात्र तुझी खैर नाही.”

कार्मेनुनं त्या रात्री साहेबांच्या पुडिंगवर दुप्पट साखर घातली.

पुढं साहेब मोठ्या जहाजांचे कप्तान झाले, आणि होड्यांच्या शर्यतीत त्यांचे खलाशी नेहमी पुढं असायचे. मग निवृत्त होऊन ते कॉर्नवॉलला घरी आले. तिथं आंघोळीला नळ होते. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईसाहेबांनी, मला निळा रंग दिला, गुलाबाची फुलं काढली आणि शोभेला ठेवलं. हात कोणी लावायचा नाही! दिसायला मी देखणा झालो, पण मनातून पार सुकून गेलो.

एकदा साहेबांची नात चिखलानं माखलेलं कुत्रं घेऊन आली. साहेबांनी मला अंगणात ओढलं आणि बादली ओतली.

“अहो, रंग जाईल ना त्याचा,” बाईसाहेब म्हणाल्या.

“जाऊ दे,” साहेब बाह्या सरसावत म्हणाले. “पुन्हा देऊ.”

मित्रांनो, आपल्या वस्तूंना जरूर जपा. मला कोरडं पुसा, गंज दिसला तर घासा, चीर पडली तर डाख द्या. पण कामाच्या वस्तूला नुसतं बघण्यासाठी ठेवू नका. मला पाणी हवं, साबण हवा, आणि अंग झाडून सगळ्यांना भिजवणारं एखादं कुत्रं मिळालं, तर आणखी काय पाहिजे?