वायर दिसता कामा नये

जावयाने सायकलला मोटर बसवली त्या दिवसापासून सासऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मोटरबद्दल तक्रार नव्हती, ती बिचारी चालत होती. तक्रार वायरींची होती. हँडलपासून सीटखालच्या डब्यापर्यंत लाल, पिवळ्या, हिरव्या वायरी लोंबत होत्या आणि जागोजागी चिकटपट्टीने दांडीला कशाबशा डकवल्या होत्या. ज्याने चाळीस वर्षं भिंतींच्या पोटातून वायरी नेल्या, त्याने जिन्याखाली हे ध्यान रोज बघायचं म्हणजे शिक्षाच. लेकीकडे राहायला आल्यापासून दुसऱ्या कशानेही त्याचा इतका जळफळाट झाला नव्हता.

"जावईबापू, ही सायकल आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

"चालते ना? मग झालं."

"वायर दिसता कामा नये. दिसली की कारागीर कच्चा."

"भिंती फोडायचे दिवस गेले, बाबा. तुम्ही आपला टीव्ही बघा."

जावई औषधांच्या दुकानात कामाला. सायकलचं सगळं ज्ञान मोबाईलवरून मिळवलेलं, म्हणून सासरा त्याला 'व्हिडिओ-इंजिनिअर' म्हणायचा, तेही त्याच्या कानावर जाईल अशा बेताने. शेवटी लेक वैतागली. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं हे तिचं काम, दिवसभर त्याच सायकलवर. "बाबा, मला शब्द द्या. या सायकलला तुम्ही हात लावणार नाही. मला घरात रोजची कुस्ती नकोय." बाबांनी शब्द दिला. तो पंधरवडाभरही टिकला नाही.

रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली, जावई जेवून घोरायला लागला आणि सासरा हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याखाली उतरला. आधी त्याने सगळ्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या. मग वायरींचा एक जुडगा केला, तो काळ्या नळीत ओवला, दांडीच्या खालच्या अंगाने नेला आणि चार-चार बोटांवर प्लास्टिकच्या बारीक पट्ट्यांनी आवळला. उरलेली लांबी घडी घालून सीटमागच्या पिशवीत कोंबली. हँडलपाशी वायरींचे दोन मोठे वळसे अजून बाहेर डोकावत होते. जावयाचा गलथानपणा, दुसरं काय! त्याने तेही ओढून ताठ केले आणि पट्टीचं शेपूट कापलं. सायकल स्टँडवर सरळ उभी होती. दिवा लागला, चाक फिरलं. हँडल वळवून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण चाळीस वर्षांत एकही भिंत कधी वळली नव्हती.

संध्याकाळी लेक पळतच वर आली. "अरे, वायरी कसल्या सुरेख लपवल्यास! एक म्हणून दिसत नाही!"

जावई क्षणभर गोंधळला. मग त्याने सोफ्यावरच्या सासऱ्याकडे पाहिलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. "तुला आवडलं ना? बस," तो म्हणाला. "म्हटलं, एकदाचं करून टाकावं."

सासऱ्याच्या अंगाची लाही लाही झाली. पण बोलणार काय? बोलला तर शब्द मोडल्याची कबुली. जावयालाही ते पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी तो दुप्पट जेवला.

सोमवारी सकाळी नऊला लेक निघाली आणि सव्वानऊला सायकल ढकलत परत आली. डावं कोपर सोललेलं, उजवं मनगट टम्म सुजलेलं. सुई धरायचा हात तोच. आवाज ऐकून दोघेही खाली धावले.

"हँडल वळलंच नाही!" ती नवऱ्यावर कडाडली. "कोपऱ्यावर अर्ध्यात अडकलं आणि मी सरळ कठड्यावर! ट्रक दोन हातांवर होता, कळतंय तुला?"

जावयाने हँडल वळवून बघितलं. काळी नळी ताणली गेली आणि हँडल थांबलं. "म्हणूनच मी तिथे वायर ढिली सोडली होती! हे मी केलेलंच नाही. तुझ्या बाबांनी केलंय."

"काल तर म्हणालास, मी केलं!"

"खोटं बोललो. त्यांना डिवचायला. विचार ना त्यांना!"

आता मात्र सासऱ्याला आतून उकळ्या फुटल्या. घे, चोरलेल्या कौतुकाचं पुरतं माप पदरात घे! आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की काम फत्ते. तेवढ्यात लेकीने मनगट पोटाशी धरून ओठ चावला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"माझंच काम आहे ते," तो म्हणाला. "तो झोपला होता तेव्हा केलं. हँडल वळतं, हे ध्यानातच आलं नाही माझ्या."

लेक त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"बाबा, याला पाठीशी घालू नका. रोज तुमचा अपमान करतो, तरी याच्यासाठी खोटं बोलताय? तुम्ही मला शब्द दिलाय. तुम्ही हात लावणार नाही, हे मला माहीत नाही का?"

सासऱ्याने पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावरचा भरवसा बघितला आणि मिटलं.

जावई मोठ्याने हसला. "बोला ना, बाबा. सांगा पुन्हा एकदा."

सासऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तो तिच्याबरोबर जिना चढू लागला.