ढब्बूच्या पापण्या

आमचा ढब्बू चार महिन्यांचा. आधी त्याची शी अडली, मग रडणं मांजरीच्या पिलाइतकं बारीक झालं आणि आज त्याने दूध ओढायचं सोडून मानच टाकली. ताप नाही, खोकला नाही. मी त्याची आत्या, नाक खुपसायचा मला हक्कच आहे, म्हणून दादा-वहिनीबरोबर मीही इस्पितळात गेले.

डॉक्टरबाईंनी बॅटरी त्याच्या डोळ्यावर मारली, काढली, पुन्हा मारली. मला राहवेना. “काय शोधताय?”

“बाहुली आकसते का ते. आधी पटकन आकसली, आता दमली. पापण्याही उतरल्यात.” मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, “मध चाटवलात?”

वहिनी उसळलीच. “अहो, मी मधाच्या कारखान्यात आहे! ‘वर्षाखालच्या बाळाला देऊ नये’ ही लेबलं मीच चिकटवते.”

“अच्छा? कशी चिकटवता?” बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ओघळलेला मध बोटाने निपटायचा, बोट एप्रनला पुसायचं, मग लेबल.”

“आणि बाळ?”

“शेजारीच, टोपलीत. कुरकुरला की बोट देते चोखा...” वहिनीने तेच बोट डोळ्यांसमोर धरलं.

बाईंनी समजावलं. मधात कधीकधी जंतूंची बीजं असतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष सोडतात. ते स्नायू लुळे पाडत डोळ्यांपासून खाली उतरत श्वासापर्यंत जातं. “एनिमा देऊन शी तपासायला पाठवते. प्रतिविष मात्र आजच मागवते.”

“खात्री नसताना?” दादाने विचारलं.

“निकालाला दिवस लागतात. विष तोवर थांबत नाही.”

प्रतिविष संध्याकाळी शिरेतून गेलं. गळालेले स्नायू परतायला आठवडे लागणार होते, पण सकाळीही ढब्बू स्वतःचा श्वास स्वतः घेत होता. मी देवाचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे आभार मानत सुटले.

वहिनीने बाईंना गाठलं. “माझ्यामुळेच ना हे?”

नाही म्हणा हो, म्हणून मी मागून खुणा करत होते. बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“बहुतेक हो,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही बोललात म्हणून मला वेळेत कळलं. आता त्याच्याशी बोला. हलता येत नसलं तरी आतून तो पूर्ण जागा आहे.”

वहिनी त्याच्या कानाशी वाकली. “आहे रे मी,” एवढंच म्हणाली. त्याचा चेहरा हलला नाही, पण अर्ध्या मिटल्या पापण्यांखालून त्याचे डोळे तिला शोधत वळले.